बाटली बुटकी, वास मेथ्यांचा

प्रश्न : जावई फ्रान्समध्ये लिऑनला नोकरीला असतात. दिवाळीत आले तेव्हा माझ्यासाठी वाइनची एक बाटली घेऊन आले. लेबलवर ‘शातो-शालों, 2015’. बाटली बुटकी, खांदे चौकोनी, आणि आत म्हणे 62 सेंटिलिटर. बाकी वाइन तर 75 ची असते. परवा उघडली तर चक्क मेथ्यांचा वास! आमची सौ. म्हणते, नासलीय, ओतून द्या. जावयांना विचारणं बरं दिसत नाही. ते फसले का?
– एक निवृत्त वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : अहो, ओतू नका! वहिनींचं नाक मात्र अगदी बरोबर आहे. मेथीदाण्याचा वास ज्या द्रव्याचा, ते सोटोलॉन या वाइनमध्येही तयार होतं. तिथले लोक अक्रोडाचं नाव घेतात, मला आधी मेथीच आठवते.

माझी उमेदीची वर्षं हॉटेलांच्या तळघरात बाटल्या सांभाळण्यात गेली. तिथला पहिला धडा, वाइनला हवा लागू द्यायची नाही. पिंपातली वाइन उडून कमी झाली की लगेच वर भर घालायची. स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या जुरा भागातलं हे शातो-शालों गाव नेमकं उलटं वागतं. साव्हान्यां नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन पिंपात भरतात आणि वर भर घालतच नाहीत. रिकाम्या जागेखाली वाइनवर यीस्टची पातळ साय धरते. ती हवा बेताबेतानं आत सोडते, म्हणून वाइनचा व्हिनेगर होत नाही, हा मेथी-अक्रोडाचा गंध मात्र येतो. तुमच्या 2015 च्या द्राक्षांची वाइन डिसेंबर 2021 पर्यंत पिंपातून काढायला कायद्यानं बंदी होती. इतक्या वर्षांत एका लिटरचे साधारण 62 सेंटिलिटर उरतात असं सांगतात, म्हणून बाटलीचं माप ते. तिला क्लाव्हलां म्हणतात. जावई फसलेले नाहीत.

या नावाला 1936 पासून कायद्याचं संरक्षण आहे. मळे सगळे मिळून पन्नास-साठ हेक्टर, आणि या नावानं फक्त हीच एक वाइन विकता येते. मला या गावाचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तोडणीआधी एक समिती मळे फिरून द्राक्षं बघते. 1974, 1980, 1984 आणि 2001 या वर्षी द्राक्षं मनासारखी नव्हती, तर शातो-शालों या नावानं वाइन काढलीच नाही. वर्षाच्या कमाईवर असं पाणी सोडणारे व्यापारी मी आपल्या सियागंजात तरी पाहिले नाहीत!

आता पिण्याचं. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर राहू द्या. 14 ते 16 अंशांवर ती खुलते. उन्हाळ्यात त्याहून कमी वेळही पुरेल. तिकडे कोंते नावाच्या चीजबरोबर घेतात, किंवा सायीत शिजवलेल्या कोंबडी-गुच्छीबरोबर. गुच्छीचा भाव परवडत नसेल तर साधे मशरूम सायीत परता, मिरी बेतानं. नुसते भाजलेले अक्रोडही झकास. आपला तळलेला कंद, गराडू, मात्र नको. त्यावरच्या जिरावण मसाल्यापुढे हिचं काही चालत नाही.

ग्लास लहान घ्या. उरलेल्या बाटलीला बूच लावून ठेवा. हवेत वाढलेली वाइन आहे, कित्येक आठवडे तिला काही होत नाही. वहिनींना घोटभर चाखवा, आणि जावयांना फोन कराल तेव्हा किंमत तेवढी विचारू नका.