आठ वर्षांच्या गोळ्या आणि डॉक्टरांसमोरची पाच मिनिटे

प्रश्न : मी 58 वर्षांची असून दादरला राहते व नोकरीसाठी रोज फोर्टला जाते. पन्नासाव्या वर्षी माझी पाळी थांबली आणि त्यानंतर अंगातून अशा वाफा येऊ लागल्या की लोकलमध्ये खिडकीशी बसूनही कपडे भिजत, रात्री तीन-चार वेळा जाग येई. तेव्हाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके (हार्मोन) एकत्र असलेली रोजची गोळी सुरू केली आणि महिन्याभरात मला झोप लागू लागली. त्या बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. तेव्हापासून जुन्या चिठ्ठीवर मी दुकानातून गोळ्या आणते. गेल्या महिन्यात रक्तदाबासाठी फॅमिली डॉक्टरांकडे गेले असता ते म्हणाले, “आठ वर्षे? आजच बंद करा, कॅन्सर होईल.” माझ्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे मी घाबरून गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात वाफा परत आल्या आणि मी कोणाला न सांगता गोळ्या पुन्हा सुरू केल्या. माझ्या आईचे खुब्याचे हाड सत्तराव्या वर्षी मोडले होते. या गोळ्या किती वर्षे घेता येतात? आणि ज्यांना पाच मिनिटेही वेळ नसतो, त्या डॉक्टरांशी हा विषय कसा काढावा?

उत्तर : ताई, गोळ्या पुन्हा सुरू केल्याचे तुम्ही कोणालाही सांगितले नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. यात तुमचा अपराध काही नाही, पण ही गोष्ट लपवून कोणत्याही डॉक्टरांशी झालेले बोलणे अपुरेच राहील.

वर्षांचा ठरावीक आकडा मी देऊ शकत नाही, कारण सर्व स्त्रियांना लागू पडेल अशी मुदत वैद्यकशास्त्राने घातलेलीच नाही. विचारायचे ते असे, की आज, या वयात, मी ही गोळी कशासाठी घेते आहे आणि याच स्वरूपात, याच मात्रेत ती घेणे योग्य आहे का? याचे उत्तर दरवर्षी नव्याने शोधावे लागते आणि गेली दोन वर्षे ते कोणी शोधलेले नाही.

तुमच्या डॉक्टरांच्या भीतीला आधार आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग 2002 साली मुदतीआधीच थांबवावा लागला. त्यात गर्भपिशवी असलेल्या सोळा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी ज्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची रोजची गोळी दिली जात होती, त्यांच्यात दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 8 रुग्ण जास्त आढळले. पक्षाघाताचे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाणही साधारण तेवढेच वाढले, तर खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे पाळी जाऊन अनेक वर्षे लोटल्यावर बऱ्याच जणींनी ही गोळी प्रथमच घेतली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या आणि वाफांनी खरोखर बेजार झालेल्या निरोगी स्त्रीसाठी फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त ठरतो, असे आज मानले जाते. तुम्ही सुरुवात योग्य वेळी केली होती.

तरीही वर्षे वाढतात तसा स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पाश्चात्त्य देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून 2019 साली काढलेला हिशेब असा, की पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे रोज ही दोन्ही संप्रेरके घेणाऱ्या साधारण पन्नास स्त्रियांमागे एकीला, पुढच्या वीस वर्षांत, एरवी झाला नसता असा कर्करोग होतो, आणि दहा वर्षे घेतल्यास हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. आपल्याकडे या रोगाचे मूळ प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी असल्याने हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावता येणार नाही, पण आठ वर्षांनंतर फेरविचार का हवा, हे त्यातून कळते.

जाऊबाईंच्या आजाराचे दुःख घरातले आहे, परंतु त्यांचे आणि तुमचे रक्ताचे नाते नाही, त्यामुळे त्यांच्या कर्करोगाने तुमचा धोका वाढत नाही. डॉक्टरांना सांगायचे ते आई, बहीण, मावशी, आत्या यांच्याविषयी. आईच्या हाडाची गोष्ट मात्र आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन हाडांना जपते आणि ते थांबवल्यावर हे संरक्षण हळूहळू ओसरते, म्हणून गोळी सोडण्याआधी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घेणे आणि गरज असल्यास हाडांसाठी दुसरे औषध ठरवणे शहाणपणाचे ठरेल.

रक्तदाबाचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण वाढलेला रक्तदाब आणि ही गोळी दोन्ही पक्षाघाताचा धोका वाढवतात. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवर चोळायच्या जेलमधून ते थेट रक्तात जाते आणि नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका फारसा वाढवत नाही. ज्या वयात तुम्ही आहात, त्या वयात अनेक तज्ज्ञ गोळीऐवजी कमी मात्रेची जेल आणि सोबत रात्री मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टिनऐवजी घ्यायचे, शरीरातल्यासारखेच संप्रेरक) देणे पसंत करतात. तुमची गर्भपिशवी असेल, तर हे दुसरे औषध कधीही टाळू नका. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भपिशवीचे अस्तर वाढते आणि त्याचा कर्करोग होऊ शकतो. पैसे वाचवण्यासाठी किंवा त्याने गुंगी येते म्हणून ते परस्पर सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता त्या पाच मिनिटांविषयी. फॅमिली डॉक्टरांकडे हा विषय नेटाने लढवण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि ती घेतानाच सांगा की तपासणीबरोबर हार्मोनच्या गोळ्यांविषयी बोलायचे आहे. गोळ्यांची पट्टी, जुनी चिठ्ठी, रक्तदाबाच्या नोंदी आणि शेवटच्या मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, अहवाल सोबत न्या. मॅमोग्राफीला दोन वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर ती आधी करा. डॉक्टरांनी हाताने केलेली स्तनांची तपासणीही कमी लेखू नका. परळच्या टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात, नियमित अशी तपासणी झालेल्या पन्नाशीवरील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी आढळले.

बसल्यावर पहिले वाक्य असे म्हणा : “मी आठ वर्षे ही गोळी घेते आहे, मध्ये बंद केली तेव्हा त्रास परत आला, आणि चालू ठेवायची की बदलायची हे मला तुमच्यासोबत ठरवायचे आहे.” मग विचारा की मात्रा निम्मी करून पाहता येईल का, आणि गोळी बंद केल्यास वाफांवर हार्मोन नसलेले औषध कोणते. गोळी सोडल्यावर साधारण निम्म्या स्त्रियांना वाफा परत येतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत झाले ते जगावेगळे नाही. योनीतील कोरडेपणा किंवा लघवीची जळजळ असेल तर संकोच न करता सांगा. त्यासाठी जागेवर लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मिळते, त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो आणि मुख्य गोळी थांबवल्यावरही ते चालू ठेवता येते. हृदयविकार किंवा विस्मरण टाळण्यासाठी ही गोळी चालू ठेवा असे कोणी सुचवले, तर ते मान्य करू नका. त्या कारणासाठी ती दिली जात नाही.

भेट येत्या पंधरा दिवसांत ठरवा आणि रक्तदाब तोवर रोज मोजून लिहून ठेवा. अंगावरून थोडेही रक्त गेले, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर मात्र ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तिथे दारातच सांगा की तुम्ही हार्मोनची गोळी घेता.