सर्च सर्व्हर कशात गुंतलाय?

प्रश्न : आमचं चादरी-टॉवेलच्या घाऊक विक्रीचं पोर्टल आहे. शोधासाठी इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरचे तीन नोड (सर्व्हर). सकाळी ऑर्डरींची गर्दी सुरू झाली की शोध दहा-पंधरा सेकंद अडकतो. त्या क्षणी नेमकं कोणतं काम चालू आहे, हे कुठे दिसेल?
— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : अडकलेलं असतानाच, चालू कामांची यादी देणाऱ्या ‘_टास्क्स’ या पत्त्यावर ‘गेट’ विनंती पाठवा. (इथे सगळं देवनागरीत छापलंय, टाइप करताना अर्थातच रोमन.) नुसती पाठवलीत तर भाराभर ओळी येतील, म्हणून सोबत दोन गोष्टी जोडा : ‘डिटेल्ड=ट्रू’ आणि ‘ॲक्शन्स=*सर्च’. पहिलीशिवाय ‘डिस्क्रिप्शन’ येत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते : कोणता इंडेक्स (माहितीचा साठा), कोणती क्वेरी (शोधाची मागणी). दुसरीत ‘सर्च’च्या नंतर तारा (*) लावू नका, लावलात तर प्रत्येक शार्डवरची (इंडेक्सच्या तुकड्यावरची) पोटकामंही यादीत येतात.

आता ‘रनिंग टाइम इन नॅनोज’ बघा. एक सेकंद म्हणजे १०० कोटी नॅनोसेकंद, तेव्हा १२,००,००,००,००० दिसलं तर ते काम १२ सेकंद चालू आहे. आकडे मोजत बसायचं नसेल तर ‘_कॅट/टास्क्स?व्ही&डिटेल्ड’ हाच तपशील तक्त्यात, वाचता येईल अशा वेळेसह देतं.

तुमच्या धंद्यात बहुधा ‘*टॉवेल*’ किंवा ‘*४५२*’ अशी क्वेरी सापडेल. सुरुवातीलाच तारा असला की त्या फील्डमधले सगळे शब्द चाळावे लागतात. मालाचे कोड हजारोंनी असतील तर विचारूच नका. त्यात चार कोअरच्या नोडवर शोधाचे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) मुळात सातच असतात. अशा सात क्वेरी घुसल्या की बाकीचे रांगेत.

तेवढ्यापुरतं मोकळं व्हायचं असेल तर ‘_टास्क्स/टास्क-आयडी/_कॅन्सल’वर ‘पोस्ट’ करा. आयडी म्हणजे नोडचा आयडी, कोलन (:) आणि आकडा, हे सगळं मिळून. नुसता आकडा चालत नाही. मूळ काम रद्द केलं की पोटकामंही रद्द होतात, पण लगेच नाही. काम अधूनमधून थांबून ‘मला रद्द केलंय का’ हे तपासतं, तोवर ‘कॅन्सल्ड : ट्रू’ असूनही यादीत दिसत राहतं. पुन्हा पुन्हा कॅन्सल मारून काही होत नाही.

कायमचा उपाय मात्र मॅपिंगमध्ये (फील्डचे प्रकार ठरवणाऱ्या मांडणीत) आहे : कोडच्या फील्डला ‘वाइल्डकार्ड’ प्रकार किंवा एन-ग्रॅम (शब्दाचे छोटे अक्षर-तुकडे) द्या. शिवाय शोधाला मुळात वेळमर्यादा नसते, ‘सर्च.डिफॉल्ट_सर्च_टाइमआउट’ १० सेकंदांवर ठेवा. मर्यादा संपली तर अर्धवट निकाल येऊ शकतो, म्हणून उत्तरातलं ‘टाइम्ड_आउट’ पोर्टलने वाचायलाच हवं. आणि पोर्टल, बिलिंग, मोबाइल ॲप या प्रत्येकाकडून वेगळा ‘एक्स-ओपेक-आयडी’ हेडर पाठवा. तो टास्कच्या नोंदीत उमटतो, मग क्वेरी कुणाची यावर वाद राहत नाही.

प्रश्न : रीइंडेक्स (एका इंडेक्समधून दुसऱ्यात माहिती उतरवणं) लावलं, अर्ध्यात टर्मिनलवर टाइमआउट आला. काम बंद पडलं का?

उत्तर : नाही, बहुतेक चालूच असेल. घाईने दुसरं लावू नका, हीच चूक जास्त होते. ‘ॲक्शन्स=*रीइंडेक्स&डिटेल्ड=ट्रू’ने बघा; ‘स्टेटस’मध्ये एकूण किती आणि ‘क्रिएटेड’ किती हे मिळतं. पुढच्या वेळी ‘वेट_फॉर_कम्प्लिशन=फॉल्स’ द्या. आयडी लगेच हातात येतो, आणि काम संपल्यावरही त्याच आयडीवर निकाल वाचता येतो. मधेच रद्द केलंत तर तोवर उतरलेली कागदपत्रं नव्या इंडेक्समध्ये तशीच राहतात.

प्रश्न : ‘पेंडिंग टास्क्स’ रिकामं दाखवतं, तरी सर्व्हर हळू. असं कसं?

उत्तर : ती रांग वेगळी. इंडेक्स बनवणं, मॅपिंग बदलणं, शार्ड हलवणं असे मास्टर नोडपुढचे (सगळ्या नोडचा कारभार पाहणाऱ्या नोडपुढचे) बदल तिथे येतात. शोध तिथे कधीच दिसणार नाही. ‘_टास्क्स’मध्येही फक्त यादी मागणारी तुमचीच विनंती दिसत असेल आणि सीपीयू तरी वर असेल, तर ‘_नोड्स/हॉट_थ्रेड्स’ बघा. सेगमेंट मर्ज (इंडेक्सचे लहान तुकडे एकत्र करणं) चालू असेल तर ते तिथे सापडतं.