सावलीतल्या ओल्या बोळात आडोशाची झाडे

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या घराच्या उत्तरेला चार फुटी बोळ आहे. तेथे ऊन जवळजवळ येत नाही आणि जमीन कायम ओलसर असते. शेजारच्या खिडकीसमोर आडोसा होईल अशी कोणती झाडे लावावीत?

उत्तर : आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जात असताना जमीन ओली राहत असेल, तर नळ किंवा मोरीच्या पाइपाची गळती आधी तपासावी. काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात मुळे कुजतात, म्हणून भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडून, वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीचा फूटभर उंच वाफा करावा. अशा जागी माझी पहिली पसंती रॅफिस पामला राहील. तो हळू वाढतो खरा, पण दाट सावली सोसतो आणि बुंध्यापासून भरगच्च राहतो. थोडा उजेड मिळत असल्यास अरेका पाम लवकर उंची गाठतो. अडुळसाही चालेल, मात्र पाणी साचता कामा नये. रोपवाटिकेत सर्रास सुचवला जाणारा उंच अशोक येथे टाळावा, कारण उन्हाअभावी तो विरळ होतो. लागवड जूनच्या पावसानंतर करावी.