उड्डाणपूल होईपर्यंत गावाजवळचे रेल्वे फाटक सुरक्षित करण्यासाठी ग्रामपंचायतीने काय मागावे?

आपण लिहिले आहे की गावाला महामार्गाशी जोडणाऱ्या रस्त्यावरचे रेल्वे फाटक दिवसातून अनेकदा बराच वेळ बंद असते, दुचाकीस्वार दांड्याखालून वाकून निघून जातात, शाळेची गाडी आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर याच वाटेने जातात, आणि उड्डाणपुलाची मागणी अजून कागदावरच आहे. तोपर्यंत ग्रामपंचायतीने काय मागावे, असा आपला प्रश्न आहे. मी रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात नोकरी केली आहे आणि फाटकांवरच्या यंत्रणेची देखभाल हा माझ्या कामाचा मोठा भाग होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम एकच गोष्ट शोधून काढावी, ती म्हणजे आपले फाटक इंटरलॉक आहे की नाही, म्हणजेच त्याचे दांडे गाडीच्या सिग्नलशी यंत्राने जोडलेले आहेत की नाही. पत्रव्यवहारात पूल, रुंदीकरण, दिवे, सीसीटीव्ही असे सगळे मागितले जाते, पण हा प्रश्न बहुतेक कोणी विचारत नाही आणि माझ्या मते जीव वाचण्याचा संबंध सर्वांत जास्त याच्याशी आहे.

जे फाटक इंटरलॉक नसते तिथे कारभार फोनवर चालतो. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडी आणि दिशा सांगतात, गेटमन फाटक बंद करतो आणि त्याची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर देतो. हा नंबर छापील तक्त्यातून क्रमाने घ्यायचा असतो, वापरलेला नंबर खोडायचा असतो, आणि दोन्ही बाजूंच्या वहीत वेळेसह त्याची नोंद होते. शिस्त म्हणून ही पद्धत चांगली आहे आणि हजारो गेटमननी ती वर्षानुवर्षे इमानाने पाळली आहे. परंतु त्या नंबरावरून फोनवर बोलणे झाले एवढेच सिद्ध होते. दांडा खरोखर खाली आला की नाही, हे त्यावरून कळण्याची सोय नाही. रात्री तीन वाजता झोपेच्या गुंगीत नंबर दिला गेला आणि फाटक उघडेच राहिले, तर गाडीला ते सांगणारे कोणीही नसते.

इंटरलॉक फाटकावर हीच गोष्ट यंत्राने बांधलेली असते. गेटमन चक्र फिरवून दोन्ही दांडे खाली आणतो. दांडा आपल्या खोबणीत नीट बसल्याशिवाय त्याच्या कुलपातली किल्ली निघत नाही, आणि ती किल्ली खोलीतल्या यंत्रात घालून फिरवल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. सिग्नल दिल्यावर गाडी जाईपर्यंत किल्ली यंत्रातच अडकून राहते, त्यामुळे बाहेर कोणी कितीही हॉर्न वाजवले, शिवीगाळ केली, तरी गेटमनला मनात आणूनही फाटक उघडता येत नाही. आता लिव्हरऐवजी बटणे आणि हाताच्या चक्राऐवजी विजेची मोटर आली आहे, पण तत्त्व तेच आहे. गेटमन विसरला किंवा त्याला डुलकी लागली, तर गाडी लाल सिग्नलपाशी उभी राहते, म्हणजे चुकीची किंमत वेळेत मोजली जाते, जिवात नाही.

८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर गाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थी दगावले. ते फाटक इंटरलॉक नव्हते. तिथे भुयारी मार्ग मंजूर होता, परंतु जिल्हा प्रशासनाची परवानगी वर्षभर मिळाली नव्हती, असे रेल्वेने त्याच दिवशी सांगितले. या अपघातानंतर रेल्वे मंत्रालयाने जे आदेश काढले त्यांपैकी एक आपल्या थेट उपयोगाचा आहे. पूर्वी २० हजार टीव्हीयूच्या (फाटकावरील वाहतुकीचे माप, पुढे समजावले आहे) वरच्या फाटकांना इंटरलॉकिंगचा निकष लागू होता, तो आता १० हजारांवर आणला आहे. देशातील ब्रॉडगेज मार्गांवर सुमारे १७ हजार फाटके आहेत आणि त्यांतील ११ हजारांहून अधिक इंटरलॉक झाली आहेत. उरलेल्यांत आपले असेल, तर १० हजारांचा हा निकषच आपल्या अर्जाचा आधार ठरेल.

टीव्हीयू म्हणजे ट्रेन व्हेईकल युनिट. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची एकके यांचा तो गुणाकार असतो. समजा, दिवसाला चाळीस गाड्या आणि वाहनांची तीनशे एकके असतील, तर टीव्हीयू १२ हजार होतो. मोटार, ट्रक, बैलगाडी यांचे एक एकक धरतात, रिक्षाचे अर्धे. ही गणना दर तीन वर्षांनी सात दिवसांच्या नोंदींवरून केली जाते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात खरी मेख इथे आहे. गणना जूनमध्ये झाली तर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, कापसाच्या गाड्या यांपैकी काहीही मोजले जात नाही. तीच डिसेंबरात झाली तर आकडा कितीतरी वेगळा येतो. म्हणून आपल्या फाटकाची मागची गणना कधी झाली आणि टीव्हीयू किती निघाला, हे माहिती अधिकारात विचारून घ्यावे, आणि गळीत हंगाम चालू असताना फेरगणना करावी, असा ठराव ग्रामसभेत करून विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे पाठवावा. फाटकाचा क्रमांक तिथल्या पाटीवर लिहिलेला असतो. पत्रात तो आणि दोन्ही बाजूंच्या स्थानकांची नावे लिहावीत, म्हणजे अर्ज योग्य टेबलावर लवकर पोहोचतो.

उसाच्या ट्रॅक्टरचा विषय आपण ओझरता काढला आहे, पण मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर फाटकापाशी चढ चढून रुळांवर येतो तेव्हा त्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढा असतो. रुळांच्या मधले ब्लॉक खचलेले असतील तर मागच्या ट्रॉलीला हिसका बसतो आणि कधी जोडाची पिन निखळते, कधी मोळ्या रुळांवर सांडतात. अशा वेळी गेटमनने काय करायचे याचा नियम स्पष्ट आहे. लाल झेंडी किंवा लाल बत्ती घेऊन गाडी येण्याच्या दिशेने धावायचे, ६०० मीटरवर रुळावर एक डेटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटणारा इशाऱ्याचा फटाका, लावायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन लावायचे, म्हणजे त्यांच्या स्फोटाच्या आवाजाने लोको पायलट सावध होतो. खडीवरून अंधारात १२०० मीटर पळणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी तेवढे अंतर चाळीस सेकंदांत कापते आणि तातडीचा ब्रेक लावल्यावर थांबायलाही तिला साधारण तेवढेच अंतर लागू शकते. इंटरलॉक फाटकावर मात्र ट्रॅक्टर रुळांवर अडकलेला असताना गेटमन दांडा खाली आणत नाही, आणि दांडा खाली आल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. ट्रॅक्टरवाल्यांचे आणि गेटमनचे प्राण या एका फरकावर अवलंबून असतात.

म्हणून अर्जातील दुसरी मागणी रस्त्याच्या पृष्ठभागाची असावी. रुळांच्या दोन्ही बाजूंना रस्ता काही अंतर सपाट हवा, खचलेले ब्लॉक बदलायला हवेत, आणि दांड्याच्या आधी गतिरोधक व ठळक फलक हवेत. रेल्वेच्या हद्दीबाहेरचा चढ जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो, त्यामुळे एकाच पत्राच्या प्रती दोन्हीकडे द्याव्यात. नाहीतर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि खड्डा तसाच राहतो. आपला मार्ग विद्युतीकरण झालेला असेल तर फाटकाच्या अलीकडे लावलेली ४.६७ मीटर उंचीची कमान शाबूत आहे का, हेही पाहावे. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो, आणि कडब्याचा उंच रचलेला ट्रक किंवा कंटेनर त्या कमानीपाशीच अडला पाहिजे. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलून फाटकावरून एका वेळी एकच ट्रॅक्टर जाईल आणि पुढचा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय मागचा रुळांवर चढणार नाही, एवढी शिस्त लावून घेणे गावाच्या हातात आहे.

लोक खालून वाकून जातात याचे कारण फक्त बेफिकिरी आहे, असे मला वाटत नाही. बंद फाटकासमोर किती वेळ थांबायचे हे कोणी सांगत नाही, आणि एक गाडी गेल्यावरही दांडा उठत नाही तेव्हा माणसाला वाटते की गेटमन उगीच अडवतो आहे. दुहेरी मार्गावर दुसऱ्या दिशेची गाडी येत असते, तिचा आवाज पहिल्या गाडीच्या खडखडाटात ऐकू येत नाही, आणि पहिली गाडी जाताच रुळांवर पाऊल टाकणारा माणूस दुसऱ्या गाडीखाली सापडतो. यावर दुसऱ्या गाडीची सूचना देणारा भोंगा किंवा दिव्याचा फलक हा स्वस्त उपाय आहे आणि तो जरूर मागावा. फाटक नेहमीच फार वेळ बंद राहत असेल तर काही दिवस बंद होण्याची आणि उघडण्याची वेळ लिहून ती नोंद अर्जाला जोडावी. सिग्नलची मांडणी बदलून किंवा गाडी कुठे आल्यावर फाटक बंद करायचे ते ठिकाण नव्याने ठरवून पुष्कळदा ही वेळ कमी करता येते, पण आकडे समोर ठेवल्याशिवाय कोणी ते काम हाती घेत नाही.

गेटमनबद्दल दोन शब्द लिहितो, कारण अपघातानंतर सगळा राग त्याच्यावर निघतो. अनेक फाटकांवर अजून बारा तासांची पाळी असते. एकट्या खोलीत, वस्तीपासून दूर, रात्रभर फोनकडे लक्ष ठेवायचे आणि दर गाडीला बाहेर उभे राहून झेंडी किंवा बत्ती दाखवायची, हे काम दिसते तेवढे सोपे नाही. गाड्या वाढल्या असतील तर कामाचे नव्याने विश्लेषण करून आठ तासांची पाळी लावता येते; ही मागणी गावाने केली तर तिला वजन येते, कारण ती केवळ कर्मचाऱ्यांची मागणी राहत नाही. फाटक उघडण्यासाठी त्याच्यावर दबाव आणू नये, हे गावातील वडीलधाऱ्यांनी तरुणांना निक्षून सांगावे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६० प्रमाणे रस्त्यासाठी बंद केलेले फाटक उघडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि ते तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सीसीटीव्हीला माझा विरोध नाही. कडलूरनंतर सर्व फाटकांवर कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला आहे, आणि दांडा तोडून पळणारा ट्रक त्यामुळे सापडतो. मार्च २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यात बोदवडजवळ ट्रक फाटक ओलांडून रुळांवर आला आणि मुंबई-अमरावती एक्स्प्रेस त्यावर धडकली, तेव्हा जीवितहानी टळली हे नशीबच. पण कॅमेरा घडलेले दाखवतो, घडणारे थांबवत नाही, म्हणून मागणीच्या यादीत मी त्याला वरचे स्थान देणार नाही. गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ प्रणाली आपल्या मार्गावर आली तर फाटकाआधी इंजिनाची शिटी आपोआप वाजेल, तो फायदा वेगळा.

आता पुलाबद्दल. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ मध्येच सर्व फाटके, गेटमन असलेली आणि नसलेली, पाच वर्षांत काढून टाकावीत अशी शिफारस केली होती. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये तेलंगणातील मासाईपेट येथे नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या पॅसेंजरने शाळेची बस उडवली, एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर येथे तेरा शाळकरी मुले गेली. दोन्ही फाटके गेटमनविना होती. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरील अशी सर्व फाटके संपली, हे मोठे काम झाले आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. गेटमन असलेल्या फाटकांवर पूल बांधण्याचे काम मात्र त्या मानाने फार मंद चालते. टीव्हीयू एक लाखाच्या वर असेल तर खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा निम्मा उचलतात, आणि महाराष्ट्रात अनेक पूल महारेल ही राज्य सरकार आणि रेल्वे यांची संयुक्त कंपनी बांधते. अनुभव असा की रुळांवरचा भाग उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचे रस्ते भूसंपादनात अडकतात, म्हणून पुलाचा पाठपुरावा करताना रेल्वेपेक्षा जिल्हाधिकारी कार्यालयात जास्त खेटे घालावे लागतील, याची तयारी ठेवावी.

पुलाऐवजी भुयारी मार्ग देऊ केला तर लगेच हुरळून जाऊ नये आणि लगेच नाकारूही नये. आराखडा मागवून पाणी कुठे उतरणार, पंप कोण चालवणार, त्याचे वीजबिल कोण भरणार, आणि भरलेली ट्रॉली व कापणीयंत्र त्या उंचीतून जाईल का, हे लेखी विचारावे. काळ्या मातीच्या भागात नाल्याच्या पातळीखाली खणलेला मार्ग पावसाळ्यात तळे होतो, आणि मग लोक पुन्हा रुळांवरूनच ये-जा करू लागतात, तेही आता गेटमन नसलेल्या ठिकाणी. भुयारी मार्ग सुरू झाला की फाटक कायमचे बंद होते, त्यामुळे संमतीच्या ठरावातच पाण्याच्या निचऱ्याची अट घालावी.

शाळेच्या गाडीसाठी मात्र कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३१ प्रमाणे गेटमन नसलेल्या फाटकावर चालकाने गाडी थांबवून सोबतच्या माणसाला पुढे चालत पाठवायचे असते आणि दोन्ही बाजूंनी रेल्वेगाडी येत नसल्याची खात्री झाल्यावरच रूळ ओलांडायचे असतात. शाळा व्यवस्थापन समितीने हाच नियम आपल्या फाटकालाही लावावा, फाटक उघडे दिसत असले तरीही. मदतनीस उतरेल, दोन्हीकडे पाहील, हात करील, मगच गाडी पुढे जाईल; चालकाच्या कानात इअरफोन नसेल आणि रूळ पार होईपर्यंत गाडीतले गाणे बंद राहील. याला एक मिनिटही लागत नाही आणि सोमवारपासून सुरू करता येते. इंटरलॉकिंगचा अर्ज त्याच आठवड्यात पाठवावा आणि पोच घ्यायला विसरू नये.