पात्रांच्या खोल्या काढण्यात वेळ वाया जातोय का?

प्रश्न : मी इचलकरंजीत बारावी कॉमर्सला आहे. चार मित्रांवर कॉमिक काढते आहे. पात्रांपेक्षा त्यांच्या बेडरूम काढण्यातच माझा जास्त वेळ जातो. बाबा म्हणतात, एवढी आवड आहे तर इंटिरिअर डिझाइन कर. काही पानं सोबत पाठवते आहे. काय करू?

उत्तर : बाबांनी चांगल्या मनाने सुचवलंय, पण तुझी पानं पाहून मला वाटतं, तुझी वाट वेगळी आहे. इंटिरिअर डिझायनर राहणाऱ्याच्या सोयीसाठी खोली सजवतो. तू खोली दाखवून माणूस ओळखायला लावतेस. ॲनिमेशन आणि गेमच्या स्टुडिओंत हे काम बॅकग्राउंड, लेआउट किंवा एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट करतात. निव्वळ कॉमिकवर घर चालवणारे मात्र आपल्याकडे थोडेच, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आता पानांबद्दल. तिसऱ्या पानावर खिडकी पलंगाच्या उशाशी आहे, सातव्यावर ती पायथ्याशी गेली. एकदाच येणाऱ्या जागेत हे खपून जातं, पण जिथे वाचक पुन्हा पुन्हा येणार तिथे तो गोंधळतो. आधी आलेख कागदावर नकाशा काढ, एक चौकोन म्हणजे एक फूट. दार कुठे उघडतं, स्विचबोर्ड कुठे, खिडकी कुठल्या दिशेला, सगळं ठरव. खिडकी पूर्वेची म्हटलीस की सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर येणार तेही पक्कं होतं. मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साध्या ठोकळ्यांची खोली उभी कर. ते मोफत आहे, आणि कॅमेरा हवा तिथे ठेवून पाहता येतो. अंतिम रेषा मात्र हाताच्याच असू देत, नुसती गिरवलेली खोली निर्जीव दिसते.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. यंत्रमाग कामगाराच्या मुलालाही तू स्वतंत्र बेडरूम, बंक बेड आणि भिंतीवर दिव्यांच्या माळा दिल्या आहेस. तुझ्याच गावात अशा किती मुलांना स्वतःची खोली असते गं? तो बाहेरच्या खोलीत झोपत असणार. रात्री टीपॉय भिंतीला सरकवून गाद्या घालायच्या, सकाळी वळकट्या करून दिवाणावर रचायच्या. त्याचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर खिळ्याला अडकवलेलं दप्तर आणि कपाटातला एक कप्पा. तो कप्पा काढ. कोंबलेले कपडे, वडिलांचा जुना मोबाइल, कागदाखाली दडवलेलं काहीतरी, जे फक्त वाचकाला माहीत आहे. दिवसा आणि रात्री एकच जागा दोन रूपांत दिसेल. वडील रात्रपाळीहून आले की पहाटे दिवा लागणार, याची झोप मोडणार. खोलीतूनच प्रसंग निघू लागतील.

प्रवेशाचं थोडक्यात. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड प्रवेश परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते, पण सलग दोन वर्षांत दोनदाच. तिच्यात हाताने चित्र काढायचा भाग असतो, तिथे तुझा पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळ-लांबचं अंतर कागदावर दाखवायचा सराव कामी येईल. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेश परीक्षा आणि उपयोजित कलेतल्या बीएफए या कला पदवीसाठीची राज्याची सीईटी, हे दोन्ही फॉर्मही भर. पोर्टफोलिओत चार खोल्या घालू नकोस. त्या मुलाची एकच खोली ठेव : नकाशा, दोन-तीन कोनांतून चित्रं, पहाट आणि रात्र, आणि शेवटी तिथे घडणारं कॉमिकचं एक पूर्ण पान.