एफडी मोडून गांडूळ खत घ्यावं का?

कागल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "एक एकरावर सेंद्रिय लाल भोपळा लावायचाय, जानेवारीत. ८ टन माल निघेल असं धरलंय. ६ टन गांडूळ खताचे ८०,००० रुपये सांगितलेत. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडू का? फी जूनमध्ये भरायची आहे. घरी दोन म्हशी आहेत."

ताई, एफडी मोडू नका. भोपळा मात्र जरूर लावा.

तुम्ही ८ टन माल धरलाय. म्हणजे किलोमागं १० रुपये नुसत्या खताचेच झाले. बी, मजुरी, हमाली, गाडीभाडं वेगळंच. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात भोपळा घालणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून गेल्या दोन हंगामांच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) मागून घ्या आणि हा आकडा त्यांच्याशेजारी मांडा. सेंद्रिय म्हणून वरचा भाव मिळेल असं आत्ताच धरू नका. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, द्यावा लागतो.

सेंद्रिय खताचा पैसा वाया जात नाही, हे मलाही मान्य आहे. त्यातलं नत्र हळूहळू सुटतं, जमिनीचा पोत सुधारतो, पुढच्या उसालाही त्याचा फायदा होतो. पण हा परतावा दोन-तीन वर्षांत येतो आणि फीची तारीख जूनची आहे. भोपळा निघायला शंभर-एकशेवीस दिवस लागतात. फळमाशी आली किंवा मे महिन्यात भाव पडला, तर मुलीच्या प्रवेशाचं काय? माझा जीव तिथं अडकतो.

शिवाय ६ टन लागतच नाहीत. वेल लांब पसरतो, म्हणून खत सगळ्या रानात न विस्कटता आळ्यातच, म्हणजे वेलाच्या बुडाशी केलेल्या गोल खड्ड्यातच घाला. ३ बाय १ मीटरवर एकरी साधारण १,३०० आळी बसतात. प्रत्येकी २ किलो धरलं तरी २,६०० किलो झालं. त्यातलं निम्मं तुमच्या म्हशींच्या पूर्ण कुजलेल्या शेणखतातून भागवा, जोडीला मूठभर निंबोळी पेंड. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत उसाचं पाचट अंथरा. नत्र जास्त झालं तर वेल माजतो आणि फळं कमी धरतात, हेही ध्यानात असू द्या.

उरलेल्या खर्चासाठी गावच्या विकास सेवा संस्थेत (सहकारी सोसायटीत) पीक कर्जाची चौकशी करा. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं, तर राज्याच्या व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं.

त्याआधी माती तपासून घ्या. अहवाल आला की पाठवा, मग खताचा आकडा पक्का करू.