अमेरिकन सिव्हिल वॉरची टोकन्स (त्या यादवी युद्धात नाण्यांऐवजी चाललेले खाजगी बिल्ले) जमवायची आहेत, देशभक्तीवाली घेऊ की दुकानदारांची?

दुकानदारांची. आणि शक्यतो एकाच शहराची.

झेंडे आणि घोषणावाली टोकन्स दिसायला भारी असतात पण ती कुणी काढली हे बहुतेक वेळा कळत नाही, मग चार-पाच घेतली की कंटाळा येतो. दुकानदाराच्या टोकनवर नाव, धंदा, कधीकधी पत्ताही असतो. १८६२ मध्ये लोकांनी सोनं-चांदी तर दडवलंच, शेवटी एक सेंटची नाणी पण घरात कोंबली, सुट्टे औषधालाही मिळेनात, लोक पोस्टाची तिकिटं देऊन पाव घ्यायला लागले आणि ती हातात चिकटायची. मग खाटीक, किराणावाले, बिअरवाले सगळ्यांनी सेंटच्या मापाची तांब्याची टोकन्स पाडून घेतली, जाहिरातही झाली आणि पाडायला सेंटपेक्षा कमी खर्च म्हणजे वर नफा! बहुतेकांवर १८६३ साल असतं. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या बारवाल्याने तर दहा लाखांवर बाजारात सोडली असं सांगतात, थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या ट्राम कंपनीकडे त्यांचा ढीग साठला आणि कंपनीवाले ती बदलून पैसे मागायला गेले तर हा पठ्ठ्या सरळ नाही म्हणाला. कंपनी काही करू शकली नाही. १८६४ मध्ये सरकारने कायदा करून खाजगी नाणी बंदच केली.

मी स्वतः ओहायोतलं सिनसिनाटी शहर धरलंय कारण तिथे व्हरायटी प्रचंड आहे, आणि त्या काळच्या सिटी डिरेक्टरीज (शहरातल्या लोकांच्या नाव-धंदा-पत्त्याच्या याद्या) स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, त्यात तो खाटीक कुठल्या गल्लीत बसायचा ते शोधण्यात माझी रात्र जाते (बायको वैतागते, तो विषय वेगळा).

विकत घेताना फुल्ड नंबर, म्हणजे फुल्ड यांच्या कॅटलॉगमधला त्या टोकनचा नंबर, बघा, सगळे डीलर तोच वापरतात. दुर्मिळता 'आर' आकड्याने सांगतात: आर-१ म्हणजे पाच हजारांवर शिल्लक, आर-१० म्हणजे एकच. सुरुवातीला आर-१ ते आर-३ मध्येच राहा. चांदी किंवा पांढऱ्या धातूतलं रेअर पीस म्हणून महाग सांगतील, पण त्यातली बरीचशी तेव्हाच्या नाणी जमवणाऱ्यांसाठी मुद्दाम पाडलेली, गल्ल्यात कधी पडलेलीच नाहीत, मला त्यात मजा वाटत नाही.

आणि प्लीज, चिंच-पितांबरी लावून घासू नका. काळपट तांबंच हवं असतं, चकचकीत केलं की निम्मा भाव गेला समजा.